शोकेसमधलं ते पांढरं झुडूप नक्की कुठलं प्रवाळ?

चवथीच्या आधी घर झाडायला काढलं की आमच्या फोंड्याच्या घरात दरवर्षी एक वस्तू हातात येते आणि दरवर्षी तिच्यावरून तेच बोलणं होतं. शोकेसच्या वरच्या खणात, काचेच्या बाहुलीच्या आणि एका बंद पडलेल्या घड्याळाच्या मध्ये, वीतभर उंचीचं पांढरं झुडूप आहे. आमचे थोरले काका बोटीवर होते, गोव्यात तारवटी म्हणतात ना तसे, त्यांनी सत्तरच्या दशकात कुठल्याशा बंदरावरून ते आणलेलं. कुठल्या बंदरावरून ते त्यांनाच शेवटी आठवत नव्हतं, कधी मोम्बासा म्हणायचे कधी सिंगापूर. आई त्याला "समुद्रातलं झाड" म्हणते आणि ओल्या फडक्याने पुसते, आणि दर वर्षी त्याचं एखादं टोक तुटतं.

यंदा भाचा होता, बारावी सायन्सवाला. त्याने मोबाईलवर फोटो काढला, ॲपला विचारलं, ॲपने तीन नावं दिली आणि तिन्ही वेगळी. "मामा, यातलं खरं कुठलं?" मी म्हटलं बस, भिंग आण. बाजारातल्या एका ओळखीच्या सोनाराकडून त्याचं दहापटीचं भिंग दोन दिवसांसाठी मागून आणलं, आणि मग जे काय बघितलं ते इथे लिहितोय कारण हा विषय मराठीत कुणी सरळ सांगत नाही, एकतर शाळेच्या पुस्तकातली दोन वाक्यं असतात नाहीतर एकदम लॅटिन नावांचा भडिमार.

पहिली गोष्ट, हे झाड नाही आणि दगडही नाही. ही एक चाळ आहे. प्रवाळाचा एक जीव म्हणजे पॉलिप, साधारण एक-दोन मिलिमीटरचा, मऊ, वर तोंड आणि तोंडाभोवती बारीक बोटांसारख्या शुंडिका. तो स्वतःच्या बुडाखाली चुनखडी बसवत जातो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यातही अरॅगोनाइट नावाचा प्रकार. एकेकाची एकेक खोली तयार होते, शेजाऱ्याच्या खोलीला लागून, आणि अशा हजारो खोल्यांची मिळून ती फांदी. जीव मेले, कुजले, धुऊन गेले, आपल्या हातात उरली ती रिकामी चाळ. खोलीला शास्त्रात कोरलाइट म्हणतात, मी खोलीच म्हणणार आहे.

जिवंतपणी ही चाळ पांढरी नसते हेही लक्षात ठेवा. पॉलिपच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवून मालकाला भाडं दिल्यासारखं देतं, आणि तपकिरी-हिरवट रंग बराचसा त्याचा असतो. त्यामुळे रंगावरून जात ओळखायला जाऊ नका, एकाच जातीची एक वसाहत तपकिरी, बाजूची निळसर, तिसरी पिवळट असू शकते. ॲप इथेच अर्धं फसतं.

आता मधेच एक, कारण आईने विचारलंच, "म्हणजे हे अंगठीतलं पोवळं का?" नाही. मंगळासाठी घालतात ते लाल पोवळं वेगळ्याच घराण्यातलं, भूमध्य समुद्रातलं, कोरॅलियम रुब्रम. त्याच्या पॉलिपला शुंडिका आठ, आणि आपल्या ह्या दगडी प्रवाळांचा हिशोब सहाच्या पटीत. लाल पोवळं एके काळी इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून लिस्बनमार्गे गोव्यात यायचं आणि बदल्यात इथून हिरे जायचे, सतराव्या-अठराव्या शतकात हा मोठा धंदा होता. म्हणजे गोव्याचा प्रवाळाशी संबंध जुना आहे, फक्त तो सोनाराच्या बाजूचा.

तर भिंग. भाच्याला सांगितलं, आधी फांदीच्या टोकाकडे बघ, बाकी सगळं सोड.

टोकावर एक खोली होती. बरोब्बर मधोमध, गोल, नळीच्या तोंडासारखी, बाकीच्यांपेक्षा ठळक. आणि फांदीच्या अंगावर सगळीकडे छोट्या छोट्या खोल्या, टोकाच्या दिशेने तिरक्या झुकलेल्या, अशा की बोट टोकाकडून खाली फिरवलं तर आडोळीच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावर बोट फिरवल्यासारखं खरखरतं. एवढं दिसलं की जीनसचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव लागलं. अ‍ॅक्रोपोरा. अ‍ॅक्रो म्हणजे टोक, पोर म्हणजे छिद्र, नावातच ओळखीची खूण सांगून ठेवलीय. १८१५ साली ओकेन नावाच्या जर्मन निसर्गअभ्यासकाने हे नाव दिलं.

ह्या टोकाच्या खोलीत जी असामी राहते ती सगळ्या फांदीची मुकादम. ती वर वर वाढत जाते आणि वाढता वाढता बाजूंना नवीन पॉलिप फुटत राहतात, ते अंगावरच्या खोल्यांत बसतात. त्यातला एखादा बाजूचा पॉलिप मनावर घेतो आणि स्वतःच मुकादम होतो, मग तिथून नवीन फांदी निघते. टोक नवीन असल्यामुळे तिथे शैवाल कमी असतं, म्हणून पाण्याखालच्या फोटोत ह्या प्रवाळांची टोकं फिकी किंवा जांभळट दिसतात. ही पद्धत इतकी झपाट्याची आहे की कॅरिबियन समुद्रातल्या शिंगाड्या, म्हणजे हरणाच्या शिंगांसारख्या, प्रवाळाची फांदी वर्षाला दहा-वीस सेंटिमीटर वाढते, आणि त्याच वेळी घुमटासारखी प्रवाळं वर्षाला एखाद सेंटिमीटरवर समाधान मानतात.

फांद्या असलेलं प्रत्येक प्रवाळ अ‍ॅक्रोपोरा नसतं, हे सांगायला हवं कारण इंटरनेटवर सर्रास तसं लिहिलेलं असतं. पोसिलोपोरा घ्या, फुलकोबीसारखं दिसतं, त्याच्या फांद्यांवर चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि खोल्या त्या चामखिळींवर आणि त्यांच्या मधे पसरलेल्या, टोकाला मुकादम नाहीच. सिरियाटोपोराच्या फांद्या सुईसारख्या टोकदार आणि खोल्या ओळीत मांडलेल्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या. स्टायलोफोराच्या फांद्या बोथट आणि खोल्यांवर टोपीसारखं छज्जं. फांद्यांचं पोरायटीस गुळगुळीत, त्याच्या खोल्या इतक्या उथळ की भिंगाशिवाय जाणवतच नाहीत. मॉन्टिपोरा अ‍ॅक्रोपोराचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं, पण टोकावर ती खोली नाही. आणि मिलिपोरा म्हणजे फायर कोरल, ते तर ह्या घराण्यातलंच नाही, हायड्राचं नातेवाईक, हात लागला तर चांगलंच भाजल्यासारखं होतं, स्नॉर्केलिंगला गेलात तर ह्याचा चेहरा पाठ करा.

तेव्हा जीनस पाच मिनिटांत झाला, भाचा खूश. "आता स्पीशीज." म्हणजे नेमकी जात. इथे मी त्याला चहा करून आण म्हटलं, कारण इथून पुढे लांबतं.

अ‍ॅक्रोपोरात जाती किती यावरच एकमत नाही. कुणी शंभर-सव्वाशे म्हणतं, कुणी दीडशेच्या वर नेतं, आणि आजवर कागदोपत्री दिलेली नावं त्याच्या कितीतरी पट, बरीचशी एकाच जातीला दोनदा-तीनदा दिलेली. ठरवायचं कशावरून, तर आधी वसाहतीचा एकूण आकार. हरणाच्या शिंगांसारखा मोकळा, का टेबलासारखा सपाट, का बोटं वर करून धरल्यासारखा, का गुच्छासारखा, का बाटली धुवायच्या ब्रशसारखा. मग बाजूच्या खोल्यांचा आकार, आणि हीच खरी मौज आहे. काही खोल्या सरळ नळ्या. काही फांदीला चिकटून झोपलेल्या. काहींना फक्त खालचा ओठ, वरची भिंतच नाही, पन्हाळीच्या तोंडासारख्या. काही तर हुबेहूब नाकासारख्या, शास्त्रातही त्यांना नाकासारख्याच म्हणतात. काही फांदीत बुडलेल्या, नुसतं भोक दिसतं. मग खोलीच्या आत डोकावायचं, सहा मुख्य पडदे असतात आणि त्यांच्या मधे सहा छोटे, ते किती लांब, पुरे आहेत का अर्धवट. आणि शेवटी दोन खोल्यांच्या मधली जागा, तिथे रेघा आहेत, जाळी आहे का बारीक काटे आहेत.

आमच्या झुडपाच्या खोल्या नळीसारख्या होत्या, तोंड तिरकं कापलेलं, लहान-मोठ्या मिसळलेल्या, आणि आकार शिंगांसारखा. एवढ्यावरून मी म्हटलं असतं अ‍ॅक्रोपोरा म्युरिकाटा, म्हणजे कॅरिबियनचं नव्हे तर इकडचं प्रसिद्ध शिंगाडं प्रवाळ, हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत सगळीकडे सापडणारं. म्हटलं असतं. पण म्हणालो नाही, त्याची कारणं सांगतो.

एक तर प्रवाळ जागा बघून अंग बदलतं. आपल्याकडे दर्याच्या वाऱ्यात वाढलेलं काजूचं झाड कसं बुटकं आणि एका बाजूला झुकलेलं असतं, आणि तोच काजू डोंगराच्या आडोशाला ऐसपैस पसरतो, तसंच. लाटांच्या माऱ्यात तीच जात आखूड, जाड फांद्या काढते, शांत लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यात, लांब आणि बारीक, खोल पाण्यात उजेड कमी म्हणून पसरट. एवढंच कशाला, एकाच वसाहतीत उन्हाकडची फांदी आणि बुडाशी सावलीत असलेली फांदी ह्यांच्या खोल्या वेगळ्या दिसतात. जुन्या काळी जहाजातून आलेले तुकडे म्युझियममध्ये टेबलावर मांडून नावं दिली गेली, ज्याने नाव दिलं त्याने बहुतेक वेळा ते प्रवाळ पाण्यात जिवंत बघितलेलं नसायचं, मग एकाच जातीला चार नावं पडणार नाहीत तर काय होणार.

हा घोळ समजायला टाइप स्पेसिमेन समजायला हवं. एखाद्या जातीचं नाव हे खरं तर कल्पनेला दिलेलं नसतं, ते एका ठराविक नमुन्याला बांधलेलं असतं, तो नमुना कुठल्यातरी म्युझियमच्या खणात नंबर लावून ठेवलेला असतो. आपल्या गोव्याच्या भाषेत सांगायचं तर जमिनीचा एक-चौदाचा उतारा. जमिनीत राहतो कोण, नारळ पाडतो कोण, गाव कुणाचं समजतं, ह्या सगळ्यापेक्षा उताऱ्यावर नाव कुणाचं ते आधी बघायचं. दोन नावं एकाच जातीला पडली असं ठरलं तर सर्वसाधारणपणे जुनं नाव राहतं, नवं रद्द. म्हणूनच १८४६ साली अमेरिकेच्या जेम्स डाना ह्यांनी अ‍ॅक्रोपोरा फॉर्मोसा म्हणून पुढे रूढ झालेलं जे नाव दिलं, जे आपल्याकडच्या कित्येक रिपोर्टांत वर्षानुवर्षं छापून आलं, ते आता स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली दिलेल्या म्युरिकाटामध्ये विलीन झालंय. जुना रिपोर्ट वाचताना फॉर्मोसा दिसलं तर दचकू नका, बहुतेक तेच हे.

हे झालं दोनाचं एक होण्याचं. एकाचे दोन होतात तेव्हा जास्त पंचाईत. डाना ह्यांनीच फिजीच्या एका नमुन्याला टेन्युइस नाव दिलं होतं. पुढे दीडशे वर्षं तसं दिसणारं जे जे सापडलं त्याला लोक टेन्युइस म्हणत गेले, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर तर ह्या नावाने प्रयोगशाळेतले प्रयोगच प्रयोग झाले, उष्णतेचे, प्रजननाचे, सगळे. २०२३ साली संशोधकांनी मूळ ठिकाणचे नमुने, खोल्यांचे आकार आणि डीएनए एकत्र मांडून बघितलं तर ऑस्ट्रेलियाचं ते टेन्युइस नव्हेच. त्याला ब्रुक ह्यांनी १८९२ साली केन्टी हे नाव देऊन ठेवलेलं होतं, नंतरच्यांनी ते टेन्युइसमध्ये बुडवलं होतं, ते परत वर काढावं लागलं. माझ्या मते सगळ्यात मोठा धडा हा आहे की नाव देणाऱ्याची अक्कल कमी नव्हती, मधल्यांनी दिसण्यावरून सगळं एकत्र केलं आणि उतारा बघायचा आळस केला.

भाचा म्हणाला, "मग डीएनए काढला की संपलं ना?" असंच वाटतं, पण नाही. मासळीची जात ओळखायला मायटोकॉन्ड्रियातला एक ठराविक जीन वाचतात, बारकोडसारखा, आणि बहुतेक वेळा काम होतं, बाजारात मोठा मासा सांगून दुसराच गळ्यात मारला असेल तर पकडला जातो. प्रवाळांत मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए इतका हळू बदलतो की जाती वेगळ्या झाल्या तरी बारकोड तसाच, सगळ्या दुकानांनी एकच स्टिकर लावल्यासारखं. म्हणून आता केंद्रकातल्या डीएनएचे शेकडो-हजारो तुकडे एकदम वाचतात, ते खर्चिक आहे. आणि वाचून झाल्यावरही ती जात कुठल्या नावाची हे डीएनए सांगत नाही, त्यासाठी परत म्युझियममधल्या त्या खणाकडेच जावं लागतं.

त्यात ह्यांची लग्नं. कॉलेजात शिकवतात की जे आपसात प्रजनन करतात ते एका जातीचे. अ‍ॅक्रोपोराच्या पुष्कळ जाती वर्षातल्या ठराविक पौर्णिमेनंतरच्या रात्री, थोड्या फार मिनिटांच्या फरकाने, एकाच पाण्यात अंडी आणि शुक्राणूंच्या गुलाबी गोळ्या सोडतात, १९८० च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं. लाखो गोळ्या वर तरंगतात, फुटतात, आणि कुणाचं कुणाशी जमतं ह्यावर कुणाचा ताबा नाही. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या मानलेल्या जातींची गाठ जुळलेली आहे. कॅरिबियनमध्ये तर अ‍ॅक्रोपोराची तीन नावं होती, शिंगाडं सर्व्हिकॉर्निस, एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या रुंद शिंगासारखं पामाटा, आणि दोघांच्या मधलं दिसणारं प्रोलिफेरा. २००२ साली डीएनएवरून पक्कं झालं की प्रोलिफेरा ही जात नाहीच, ती ह्या दोघांची संकर संतती. दिसायला वेगळी, नाव वेगळं, पुस्तकात पान वेगळं, आणि निघाली पोरं.

हे सगळं बघून भाच्याचा चेहरा पडला, त्याला वाटलं मग ह्या नावांना अर्थ काय. अर्थ आहे, आणि मोठा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आययुसीएन ह्या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने उबदार पाण्यातल्या रीफ बांधणाऱ्या ८९२ जाती तपासून सांगितलं की ४४ टक्के धोक्यात आहेत. आता समजा एक जात आफ्रिकेपासून फिजीपर्यंत पसरलेली म्हणून तुम्ही तिला सुरक्षित धरलं, आणि प्रत्यक्षात त्या पाच जाती निघाल्या, प्रत्येक आपापल्या छोट्या कोपऱ्यातली, तर त्यातली एखादी समुद्र तापल्यावर संपून जाईल आणि तुमच्या वहीत टिकचं चिन्ह तसंच राहील. आणि अ‍ॅक्रोपोरा तापमानाला सगळ्यात आधी मान टाकणाऱ्यांपैकी, १९९८ साली लक्षद्वीपला पाणी तापलं तेव्हा फांद्यावाल्यांचीच वाताहत झाली होती.

गोव्यात हे शिंगाडं जंगल बघायला मिळतं का, असं बरेच जण विचारतात. वास्कोसमोरच्या ग्रांदे बेटाजवळ प्रवाळं आहेत, डायव्हिंगवाले तिथेच नेतात. पण तिथे बघायला मिळतात ती मुख्यतः घुमटासारखी, दगडाला लिंपल्यासारखी आणि पानापानांची, पोरायटीस, टर्बिनेरिया वगैरे. कारण आपला पावसाळा. मांडवी आणि झुवारी चार महिने जो गाळ आणि गोडं पाणी ओततात त्यात पाणी गढूळ होतं, ऊन तळापर्यंत पोचत नाही, आणि नाजूक फांद्यावाल्यांना ते झेपत नाही. फांद्यांची शेती बघायची तर लक्षद्वीप नाहीतर अंदमान. तेव्हा काकांचं झुडूप गोव्याचं नाही एवढं मी छातीठोक सांगू शकतो.

पाण्यात गेलात आणि ओळखायचं असेल तर तोडू नका, फोटो काढा, पण नुसता सुंदर फोटो उपयोगाचा नाही. एक पूर्ण वसाहतीचा, एक बाजूने, एक फांदीच्या टोकाचा इतक्या जवळून की खोल्या मोजता येतील, आणि मापासाठी काहीतरी शेजारी, स्लेटवरची पट्टी चालते. पाणी किती खोल होतं, लाटांची बाजू होती का आडोशाची, हे लगेच लिहा, बोटीवर चढल्यावर आठवत नाही. संशोधक परवानगी घेऊन छोटा तुकडा घेतात, त्यातला थोडा अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी, बाकीचा ब्लीचमध्ये बुडवून मांस घालवतात म्हणजे खोल्या स्वच्छ दिसतात. आपण परवानगीशिवाय हात लावायचा नाही, २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. काकांच्या काळी बंदरावर टोपलीत विकायला असायचं, आज कुणी "सुवेनियर" म्हणून पुढे केलं तर सरळ नाही म्हणा. आणि नोंद करताना खात्री नसेल तर अ‍ॅक्रोपोरा, जात अनिश्चित, एवढं लिहायला लाजू नका, चुकीचं पुरं नाव लिहिण्यापेक्षा बरोबर अर्धं नाव पुढच्या माणसाच्या कामाला येतं.

आमच्या झुडपाचं मग काय झालं तर, खोल्या म्युरिकाटासारख्या, आकारही तसा, पण तसे दिसणारे आणखी दोन-तीन जण पुस्तकात आहेत आणि त्यातलं कोण हे ठरवायला ठिकाण लागतं, मोम्बासा का सिंगापूर. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. आईने त्यांची जुनी पेटी उघडून त्यांचं खलाशाचं पुस्तक काढलं, बंदरांचे शिक्के होते, भाच्याने एकेक वाचले, मोम्बासाही होतं, सिंगापूरही, कोलंबोही, आणि जपानचं एक. त्याने एका कार्डावर पेनाने लिहिलं: अ‍ॅक्रोपोरा, जात ठाऊक नाही, ठिकाण ठाऊक नाही, सत्तरचं दशक, बोटीवरून. आईने ते वाचलं, म्हणाली "बोटीवरून" च्या आधी त्यांचं नाव घाल, आणि कार्ड बाहुलीला टेकवून ठेवलं.